गळक्या किटलीची डावी बाजू

मित्रांनो, आधी जरा मागे सरका. आणखी थोडे. त्या धाकटीला कोणीतरी मांडीवर घ्या, तिचा हात टेबलावरच्या कापडाकडे चालला आहे. कापड ओढले की मी खाली, चहा तिच्या अंगावर, आणि मग नुसती रडारड. हं, आता ठीक. आता सांगते.

मी चिनी मातीची किटली, वयाने बरीच म्हातारी. पोटाने गोल, अंगावर निळी फुले. पाहिल्यावर कोणीही "वा!" म्हणावे अशी, आणि ओतायला घेतल्यावर कोणीही "अगं बाई!" म्हणावे अशी. त्याचे असे झाले, मला घडवणारी बाई ओली तोटी माझ्या पोटाला चिकटवत होती, तेवढ्यात तिला शिंक आली. तोटी केसभर वाकडी बसली. भट्टीतून निघाले तेव्हा ते वाकडेपण कायमचे झाले होते. तेव्हापासून मी चहा कपात ओतते आणि थोडा डावीकडेही ओतते. आपली तोटी कोणीतरी सरळ करावी, एवढीच माझी जन्मभराची इच्छा होती.

टेकडीवरच्या मोठ्या बंगल्यात मी आले ती पूर्ण सेटबरोबर. कप शहाणे, बश्या शहाण्या, साखरेचे भांडे तर अतिशहाणे. पहिल्याच दिवशी घरातल्या सासूबाई ओरडल्या, "ही किटली आहे की झारी? टाकून द्या!"

"असू द्या हो, आई," बाईसाहेब म्हणाल्या. "फुलं किती छान आहेत."

बाईसाहेब म्हणजे या घराची सून. शांत, हसतमुख, आणि नजर अशी की कोपऱ्यातली मुंगीसुद्धा सुटू नये. बंगल्यामागच्या कोठारात त्यांनी मुलींची शाळा काढली होती. स्वयंपाकीणबाईंची मुलगी, माळ्याच्या दोघी, आणखी अशाच काही. पोती एका बाजूला आणि पाढे एका बाजूला.

ही गोष्ट गावातल्या काही सद्गृहस्थांना खुपली. ते एक दिवस कागद घेऊन मोठ्या मालकांकडे, म्हणजे बाईसाहेबांच्या यजमानांकडे, आले. कोठारातला वर्ग बंद करावा, असे त्यात लिहिले होते. फक्त मालकांची सही हवी होती. मालक भले गृहस्थ, पण कोणालाही 'नाही' म्हणताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांनी दौत पुढे ओढली. तेवढ्यात बाईसाहेब मला घेऊन आल्या.

त्यांनी कागद डाव्या हाताला ठेवून चहा ओतला. पुढचे काय सांगू! शाई पसरली, सही करायची जागा तळ्यासारखी झाली, आणि उरलेला ओघळ एका सद्गृहस्थांच्या धोतरात शिरला. "अगं बाई! ही मेली किटली!" बाईसाहेब म्हणाल्या. मी शरमेने पांढरी पडले. मुळात पांढरीच असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

ते नवा कागद घेऊन पुन्हा आले. पुन्हा चहा झाला. तिसऱ्या खेपेला ते दारातूनच म्हणाले, "आज चहा नको."

"असं कसं?" बाईसाहेबांच्या नणंदबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चहाशिवाय गेलात तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. बसा. दादा, तू पण बस."

चहा झाला. कागद संपले नसतील, पण त्यांची धोतरे संपली असावीत. ते परत आले नाहीत, आणि शाळा चालू राहिली. मला मात्र वाटत राहिले की हा सगळा माझाच वेंधळेपणा.

पुढे माणसे गेली. मी कपाटात गेले. एका कोळ्याने माझ्या पोटात संसार थाटला. बंगल्याचे संग्रहालय झाले तेव्हा मला पुसून समोर मांडले आणि पाटी लावली, 'मोठे मालक या किटलीतून चहा घेत.' मित्रांनो, मालक जन्मभर कॉफी प्यायले!

मग परवाचा तो कार्यक्रम आला. 'चहा आणि या घरातल्या बायका.' तो ठरवला होता लोकांना बंगला दाखवणाऱ्या ताईने. ती बिचारी सकाळपासून खुर्च्या मोजत होती, कपांचे कान तपासत होती, आणि स्वतः मात्र घोटभर पाणीही प्यायली नव्हती. कारण संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष कोठार पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणार होते. "पोती ठेवायची खोली ती. तिचं काय एवढं कौतुक?" असे ते म्हणत. शाळेची आठवण सांगू शकेल अशी एकच आजी ताईला सापडली होती, आणि ती दूरच्या गावाहून बसने आली होती. बस निघायच्या आत आजीने बोलायला हवे होते.

आणि अध्यक्ष उभे राहिले! बायकांच्या कार्यक्रमात ते मोठ्या मालकांवर बोलू लागले. मालकांची घोडी झाली, मालकांची शिकार झाली, मालकांच्या मिशा झाल्या. बाहेर बसवाल्याने हॉर्न दिला. ताईचा चेहरा रडवेला झाला. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मला मालकांच्या किटलीतूनच चहा द्या. फोटो काढा."

"सर, ती जरा गळते."

"गळू दे! इतिहास आहे तो!"

ताईने मला उचलले. इतक्यात पहिल्या रांगेतून आजी हळूच म्हणाली, "सरांना डाव्या हाताला ठेव, बाळा."

ताई चमकली. "काय म्हणालात, आजी?"

"माझी आई सांगायची. स्वयंपाकीणबाईंची मुलगी ती. या घरात चहा कसा ओततात, ते तिनं चांगलं पाहिलं होतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला उमगले. बाईसाहेब दर वेळी कागद डाव्या हाताला का ठेवत. मला टाकून का दिले नाही. फुले छान होती म्हणून नव्हे!

ताईने अध्यक्षांना डाव्या हाताला ठेवले. मी मन लावून गळले. (घाबरू नका, भाषणामुळे चहा केव्हाच कोमट झाला होता.) भाषणाची मिशांनंतरची सगळी पाने भिजली, पांढरी पँटही भिजली. अध्यक्ष "अरे अरे अरे!" करत नळाकडे पळाले आणि आजीने माइक हातात घेतला.

"कोठारात पोती ठेवायची, तर भिंतीला खुंट्या कशाला?" ती म्हणाली. "आणि त्याही कमरेखाली? दप्तरांच्या आहेत त्या! बाईसाहेबांनी पोरींच्या उंचीनं मारून घेतल्या. दारालगतची माझ्या आईची. चला, दाखवते."

सगळी मंडळी कप हातात घेऊन कोठाराकडे निघाली. बसवालाही हॉर्न सोडून आला. मागून ओल्या पँटने अध्यक्ष आले आणि सवयीप्रमाणे त्यांची मांडी दारालगतच्या खुंटीवर आपटली.

"दर वेळी लागते!" ते मांडी चोळत म्हणाले. "मी तर इतक्या खाली खुंट्या मारणाऱ्या सुताराला वेडा समजत होतो." मग त्यांनी वाकून खुंटीची उंची हाताने मोजली. शेवटी ताईला म्हणाले, "गाड्या खाली रस्त्यावरच लावू. चालतील लोक थोडे."

आजीने आपली पिशवी आईच्या खुंटीला अडकवली. जाताना ती विसरली, म्हणून बस पुन्हा थांबवावी लागली, ते वेगळे.

तर मित्रांनो, आता एक विनंती. मला दोन्ही हातांनी धरा, ओल्या हातांनी उचलू नका, टेबलाच्या कडेला ठेवू नका. ती पाटी बदला. आणि सोमवारी माझी तोटी घासून सरळ करायला एक कारागीर येणार आहे. अध्यक्षांनीच पँट वाळवता वाळवता त्याला फोन केला. त्याला दारातच बसवा, प्रेमाने चहा पाजा, माझ्यातूनच पाजा. आपली हत्यारे त्याने तुमच्या डाव्या हाताला ठेवली, तर फारच बरे.

तुम्ही मात्र उजवीकडे बसा. धाकटीला घेऊन.