हलका घण

आमच्या यांना भट्टीवर सगळे पैलवान म्हणायचे. थोरले दीर तापलेलं लोखंड चिमट्यात धरून हातोडीने जागा दाखवायचे आणि हे नेमका तिथे घण घालायचे. मधे बोलायची गरजच नसे.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पुरुषाचं हार्मोन बहुतेक अंडकोषांतच तयार होतं. हा आजार त्याच्यावरच पोसतो. दोन्ही काढले, की दबेल. पण अंगातली ताकदही त्याच हार्मोनवर असते. ती ओसरेल, दंड बारीक होतील."

"मग ताकदीचं इंजेक्शन द्या की."

"ते आजारालाच खाऊ घालणं होईल, काका."

ऑपरेशन झालं. आजार दबला. जेवता जेवता अंगातून वाफा निघायच्या, शर्ट भिजायचा. "भट्टीच गिळली जणू," म्हणून हसायचे. बाह्या ढगळ झाल्या, त्या मी आत घेतल्या. त्यावर मात्र हसले नाहीत.

पुढे हलकं काम करायला परवानगी मिळाली. आदल्या दिवशी दीर स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "निम्म्या वजनाचा घण केलाय. दांडा त्याच्या जुन्या घणाचाच बसवलाय, बोटांचे खळगे पडलेला. हाताला कळायचं नाही. तू बोलू नकोस."

न बोलणं मला जड नाही. पण खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. विचारलंच तर? सकाळी देवाकडे तेवढंच मागितलं, यांनी विचारू नये.

डबा घेऊन गेले तेव्हा हे घण उचलत होते. घाव पडला. आवाज पातळ आला. यांचे हात क्षणभर हवेतच थांबले. दीर लोखंडावरून नजर काढेनात. मग दुसरा घाव पडला, तिसरा पडला.

"काय पैलवान, हात अजून तस्साच की रे!"

"तुझाच भाऊ ना, दादा," हे म्हणाले.

संध्याकाळी घराच्या दाराशी थांबले. "तुला एक विचारायचं होतं."

मी त्यांच्या हातातला रिकामा डबा घेतला.

"राहू दे. तुझा नेम आणि दादाचं मन, दोन्ही राहू देत."

आत जाऊन त्यांनी हात धुतले आणि ओल्या तळव्यांकडे बघत बसले. मी दिवा लावून हात जोडले. मागितलं होतं तेच मिळालं होतं, आणि डोळे काही थांबेनात.