पट्टीवरची सहा बटणं

मशीनच्या तेलाची बाटली घेऊन ती शिवणाच्या दुकानात परतली, तेव्हा कोट गेला होता आणि कोटाबरोबर तिची सहा पुस्तकंही गेली होती.

मास्तरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, याचा पत्ताच नव्हता. अडलेलं काम वेळेत उरकलं म्हणून ते खुशीत कात्री पुसत बसले होते. त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं. गिऱ्हाईक दुपारच्या गाडीने परगावी निघालेलं, बटणं आणतो म्हणालं होतं ती विसरलं, आणि डब्यातली एक जात जुळेल तर शपथ. शेवटी खिळ्याला टांगलेल्या नमुन्यांच्या पट्ट्या चाळताना एका पट्टीवर हवी तशीच सापडली. तपकिरी, चार भोकांची, मोजून सहा. काढली आणि कोटाला लावली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

ती कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. कारण ती पट्टी नमुन्यांची नव्हतीच मुळी.

झालं होतं असं, की वर्षाच्या सुरुवातीला वाचनालयाच्या दारावर सूचना लागली होती. वर्षभरात पन्नास पुस्तकं वाचा, कुठूनही आणून वाचा, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाचच्या आत यादी द्या. ज्यांची पन्नास होतील त्यांची नावं आतल्या फळ्यावर रंगवून घेणार. ही सातवीनंतर शाळा सोडून मशीनवर बसलेली. दुकानाच्या पाटीवर मास्तरांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, बिलाच्या पुस्तकावरही तेच. तेहेतीस वर्षं निम्मे कपडे तिने शिवले, पण तिचं नाव कुठे लागलं नव्हतं. तोंडाने ती कधी म्हणाली नसती, पण त्या फळ्यावर तिला नाव हवं होतं, अगदी जीव तुटेपर्यंत हवं होतं.

यादी वहीत लिहायची हे तिला पटेना. हातात सदा सुई, पेन शोधायचं कधी? मग तिने कॅनव्हासची एक पट्टी घेतली आणि पुस्तक संपलं की तिच्यावर एक बटण शिवायचं ठरवलं. वाचनालयाचं असेल तर पांढरं, गिऱ्हाइकांकडून मागून आणलेलं असेल तर निळं, आणि रद्दीवाल्याकडून आणून, वाचून परत केलेलं असेल तर तपकिरी. दोरा पुस्तकाच्या कव्हराच्या रंगाचा. बटणावर नुसता अंगठा फिरवला तरी तिला अख्खं पुस्तक आठवायचं, शेवटच्या दिवशी वाचनालयात यादी त्यावरूनच सांगायची होती. मास्तरांना मात्र तिने या भानगडीतलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, पट्टीही नमुन्यांच्या पट्ट्यांत लपवून टांगली होती, कारण पन्नास झाली नसती तर वर्षभर थट्टा कोणी ऐकून घ्यायची?

आज तोच शेवटचा दिवस. घड्याळात साडेतीन. पट्टीवर चव्वेचाळीस बटणं आणि मध्ये सहा मोकळ्या जागा. पांढरी गेली असती तरी त्यांची नोंद वाचनालयात होती, निळी गिऱ्हाइकांना विचारून सापडली असती. रद्दीवाल्याकडची पुस्तकं मास्तरांच्याच हाती परत पाठवलेली, ती केव्हाच कुठल्या कुठे गेलेली. निदान दोऱ्याचे तुकडे राहिले असते तरी रंगावरून काही आठवलं असतं. पण मास्तरांचा हात पडला स्वच्छ. एक तूस मागे राहिलं नव्हतं.

तिने आठवायचा प्रयत्न केला आणि डोकं कोरं करकरीत. मग तिचा राग उसळला. स्पर्धा, फळा, पट्टी, वर्षभराचं गुपित तिने एका दमात सांगून टाकलं, आणि वर तेहेतीस वर्षांचा हिशेबही चुकता केला. मी मेली रोज मशीनवर बसून पुस्तकातली गोष्ट सांगते, तुम्ही कापड बेतता बेतता नुसतं हूं हूं करता. मागे एकदा मुद्दाम म्हटलं, मागचं छत पडलं, तरी हूंच. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी हलली असती.

मास्तरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि गिऱ्हाइकाची मापं लिहायची पाटी पुढे ओढली.

"पहिलं ते चोराचं," ते म्हणाले. "घड्याळं चोरायचा, दुरुस्त करायचा आणि गुपचूप परत नेऊन ठेवायचा."

पुस्तकाचं नाव तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. मास्तरांनी ते पाटीवर लिहिलं.

मग त्या दोन बहिणी, ज्यांच्यात एकच चष्मा होता आणि अबोला धरला तरी चष्म्याच्या पाळ्या मोडत नव्हत्या. मग पोहता येत नसून होडी विकत घेणारी बाई. तिला तू आधी येडपट म्हणालीस आणि दोन दिवसांनी म्हणालीस की येडपट मीच, याचीही मास्तरांनी आठवण करून दिली. मग पत्ते नसलेली पत्रं घरी नेणारा कारकून. मग तो स्टेशनमास्तर, गाडी यायची बंद झाली तरी रोज झेंडा दाखवणारा. त्याच्या शेवटाला नेमकं गिऱ्हाईक आलं आणि गोष्ट राहिली ती राहिलीच, चार दिवस वाट बघितली, असं ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले. छताचंही त्यांनी ऐकलं होतं म्हणे. उठून बघून आले होते, छत जागेवर होतं, मग काय बोलायचं?

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पाटीवर पाच नावं झाली होती. सव्वाचार वाजले होते.

"सहावं?" तिने विचारलं.

मास्तरांनी खडू पाटीवर टेकवला, पण लिहिलं काही नाही.

"सहावं तू मला सांगितलंच नाहीस. दोन दिवस गप्प होतीस. एका सदऱ्याची बाही उलटी लावलीस. मी ती सकाळी लवकर येऊन उसवली, परत लावली. पुस्तक परत करायचं म्हणून तू माझ्याजवळ दिलंस ना, ते मी लगेच नाही दिलं. तू सांगितलं नाहीस, म्हणून मी वाचलं."

मास्तरांनी आयुष्यात कधी पुस्तक उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, शेवटपर्यंत? त्यांनी मान हलवली. तीन आठवडे लागले, रोज ती घरी स्वयंपाकाला गेली की थोडं थोडं, अस्तराच्या गठ्ठ्याखाली लपवून.

आता तिला ते आठवलं. फिकट हिरवं कव्हर. त्यातल्या बाईची मुलगी जन्मल्यावर दोनच दिवस जगली होती, आणि नंतर घरात कोणी तिचा विषयच काढत नव्हतं. यांच्याही घरात तशाच एका मुलीचा विषय एकतीस वर्षं कोणी काढला नव्हता. आपल्या नवऱ्याला विसर पडला असेल असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती, आणि त्याचा तिला राग होता, आतल्या आत, रोजचा.

मास्तरांनी सहावं नाव लिहून खडू खाली ठेवला.

"त्या बाईने मुलीचं नाव मनात ठरवून ठेवलेलं होतं," ते म्हणाले. "तू ठेवलं होतंस का गं?"

तिने ठेवलं होतं. नाव तिने सांगितलं, पहिल्यांदाच मोठ्याने, आणि मास्तरांनी तिचा हात धरला. दोघंही रडली, दुकान उघडं होतं तरी.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "खूप चांगलं आहे."

मग त्यांनी घड्याळ बघितलं, चव्वेचाळीस बटणांची पट्टी नीट गुंडाळून तिच्या हातात दिली, पाटी स्वतःच्या काखेत धरली आणि दुकानाचं शटर ओढलं. वाचनालय बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. दोघं भराभर चालू लागली. वाटेत मास्तरांनी ते नाव आणखी एकदा विचारून घेतलं, नीट लक्षात राहावं म्हणून.