नर्मदाकाकीच्या उटण्याचा पाटा

मित्रांनो, मालवणजवळच्या मसुऱ्यात एका घराच्या मागच्या पडवीत, राखेच्या डब्याशेजारी भिंतीला टेकून जो उभा आहे ना, तो मी. एक जुना काळा पाटा. मध्ये खोलगट, कडेला गुळगुळीत, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझा वरवंटा माझ्या पायाशी आडवा पडलेला असतो. आमच्याकडे हल्ली कोणी फारसं बघत नाही आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईटही वाटत नाही. माझ्या अंगावर एक वाईट गोष्ट घडून गेली आहे. ती सांगावी म्हणून आज बोलतो आहे. पण आधी माझी थोडी फुशारकी ऐकून घ्या, कारण तिच्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

मी मूळचा वैभववाडीकडचा, घाटाखालच्या ओढ्यातला दगड. गणपत पाथरवटानं मला फोडून काढलं, चार दिवस छिन्नी चालवली आणि पाट्याचा आकार दिला. त्याचा हात सरळ होता, बोलणं मात्र तिरकस. "जास्त चमकू नको, चमकणाऱ्या पाट्यावर वाटण सरकतं," असं तो मला दम दिल्यासारखं म्हणायचा. मग बैलगाडीत घालून त्यानं मला आंगणेवाडीच्या जत्रेत आणलं. साल १९५० असेल. तिथं सावित्री आली. बरोबर तिचे यजमान भिकाजी आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी सुगंधा. सावित्रीनं बोटाच्या पेरानं मला वाजवून पाहिलं, माझ्यावरून तळवा फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्योच घेवया. आवाज बरो आसा." झालं, मी या घरचा झालो.

घरात माझा मान होता. रोजचं खोबरं, तिरफळं, मिरची, सगळं माझ्यावर वाटलं जायचं. घरात मूल झालं की सहाव्या दिवशी मला न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचे आणि सटवी म्हणून माझ्या पाया पडायचे. दगडाला आणखी काय हवं?

पण माझं नाव झालं ते उटण्यामुळे, आणि ते झालं नर्मदाकाकीमुळे. खालच्या वाडीतली ही विधवा बाई. नवऱ्या मुलींना उटणं लावणं, बाळंतिणीला तेल चोळणं, तान्ह्यांना न्हाऊ घालणं हाच तिचा पोटाचा धंदा. तिचे हात मी फार जवळून पाहिले आहेत. मऊ, गरम, कुठं घट्टा नाही की खरखर नाही. तान्हं मूल तिच्या पायांवर पालथं पडलं की रडता रडता झोपून जायचं.

तिच्याकडे स्वतःचा पाटा नव्हता, म्हणून ती सावित्रीकडे येऊन माझ्यावरच वाटायची. आल्या आल्या मला तीनदा धुवायची. मिरचीचा वास राहिला असेल तर चौथ्यांदा. कोणी घाई केली तर म्हणायची, "आदी पाटो न्हावंदे, मगे पोर न्हावतला." मग भिजवून सुकवलेले लाल तांदूळ, मसुराची डाळ, आंबेहळद, मूठभर ओलं खोबरं. नवरीसाठी जरा रवाळ वाटायचं, म्हणजे अंगावरचा मळ निघतो. तान्ह्यासाठी अगदी मऊ, आणि वर धोतराच्या फडक्यातून गाळून दुधात कालवायचं. थंडीत त्यात तीळ पडायचे. झालं की आधी स्वतःच्या मनगटावर थोडं चोळून बघायची. एकदाही तिनं हे चुकवलं नाही.

लोक म्हणायचे, मसुऱ्यात उटणा वाटूचा तर सावित्रीच्याच पाट्यार. हे ऐकून मी फुगायचो. कौतुक खरं तर नर्मदाकाकीचं होतं, मी मध्येच उचलून घेत होतो.

१९५८च्या चैत्रात सुगंधाचं लग्न ठरलं. घरात नुसती धांदल. लग्नाचं वाटण मोठं, म्हणून मला नव्यानं टाकी लावून घेतली. टाकी लावणं म्हणजे झिजलेल्या पाट्यावर छिन्नीनं बारीक बारीक खड्डे पाडणं. माझं अंग पुन्हा तरण्यासारखं खरबरीत झालं. मी खूश होतो. त्याच खड्ड्यांनी घात केला.

लग्नाच्या चार दिवस आधी सावित्रीला पाहुण्यांच्या उसळीसाठी काजूगर कमी पडले. काजू फोडायचा दगड वेगळा असतो. आमच्याकडे लहान मुलालासुद्धा ठाऊक असतं की काजूच्या सालीतलं तेल अंगाला लागलं तर कातडी जळते. म्हणून तो दगड अंगणात, कोपऱ्यात ठेवलेला असायचा. पण त्या दिवशी तो मांडवाच्या खांबाला टेकू म्हणून लावला होता. तो काढला तर खांब कलंडणार. सावित्रीनं इकडे तिकडे पाहिलं. पडवीत कोणी नव्हतं. तिनं अर्धवट भाजलेल्या काजूबिया माझ्यावर ठेवल्या आणि वरवंट्यानं फोडल्या. पाच-सहा शेर तरी असतील. सालीतून काळं तेल सुटत होतं आणि माझ्या नव्या खड्ड्यांत शिरत होतं.

काम झाल्यावर तिनं मला राखेनं घासलं, काथ्यानं घासलं, वर गरम पाणी ओतलं. तिला वाटलं, झालं. मला माहीत होतं की झालं नाही. तेल खड्ड्यांच्या तळाशी बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाकाकी आली. तिनं मला तीनदा धुतलं. मग डाळ, तांदूळ, हळद घेऊन वाटायला बसली. वरवंटा फिरू लागला तसं ते तेल हळूहळू वर येऊन पिठात मिसळू लागलं. मित्रांनो, मी दगड आहे, मला बोलता येत नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण वरवंट्याखाली मी तडकलो असतो, तर वाटणं थांबलं असतं. पाटे तडकतात. मी तडकलो नाही. मला माझ्या टाकीचं कौतुक होतं.

तिनं मनगटावर लावून पाहिलं. काही झालं नाही. काजूचं तेल लगेच भाजत नाही, एक दिवस दम धरतं. मग तिनं सुगंधाच्या तोंडाला, मानेला, हातांना उटणं चोळलं. बायका गात होत्या. सुगंधा लाजून हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं. गालावर आणि मानेवर फोड उठले, काळसर कडा असलेले. डोळा एक उघडेना. सुगंधाची आत्या मथुरा, मुंबईहून लग्नाला आलेली, ती पडवीत उभी राहून नर्मदाकाकीला विचारू लागली, "काय घातलंस गो ह्येच्यात?"

"नेहमीचाच," नर्मदाकाकी म्हणाली. "माज्या पण हाताक फोड इले, बघ."

"म्हंजे उटणाच वायट," मथुरा म्हणाली.

नर्मदाकाकी तेव्हा सावित्रीकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सावित्री, पाट्यार आणि काय वाटलेलंस?"

सावित्रीनं ते फोड पाहिले होते. काजूचे फोड या गावात कुणाला ओळखायला शिकवावे लागत नाहीत. फोड ओळखीचे वाटले तरी दुसऱ्या कुणाला पाट्याचा संशय आला नाही, कारण पाट्यावर कोणी काजू फोडेल हे कुणाच्या मनातही येणार नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माज्या पाट्यार? नाय. काय एक नाय."

लग्न झालं. मुलाकडची माणसं कुजबुजली, पण मुलगा भला होता, तो अडला नाही. सुगंधा सुजलेल्या तोंडानं मुंडावळ्यांआड खाली मान घालून बसली. फोड महिन्याभरात गेले, फक्त हनुवटीखाली एक तपकिरी डाग राहिला.

नर्मदाकाकीचं मात्र सगळंच गेलं. तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत की दारात उभं राहू नको म्हटलं नाही. नुसतं बोलवायचं बंद केलं. नवरीला उटणं लावायला दुसऱ्या गावची बाई येऊ लागली. तान्ह्यांना घरच्या आज्या न्हाऊ घालू लागल्या. सहा महिन्यांनी मागच्या दारी दोन बायका बोलताना मी ऐकलं की नर्मदाकाकी मालवणच्या वाटेवरच्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. सावित्री तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा खडे वेचू लागले.

चार वर्षं हे असंच चाललं. सावित्रीनं माझ्यावर उटणं वाटणं सोडलं, घरात साबण आणला. मला धुताना ती माझ्याकडे बघत नसे. आम्ही दोघं एकाच गोष्टीचे साक्षीदार होतो आणि दोघंही गप्प होतो. फरक एवढाच की मला तोंड नव्हतं.

१९६२ साली सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. सहाव्या दिवशी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मला पूजेसाठी धुवून आणलं. पाटावर ठेवलं. सावित्री कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिचं बोट करंड्यातच राहिलं. ते वर येईना. सुगंधा म्हणाली, "आये, लाव ना."

सावित्री रडायला लागली. म्हणाली, "माज्यान होवचा नाय. काकीचा काय एक चुकला नव्हता गो. ह्या पाट्यार मी काजू फोडलेलंय."

सुगंधानं हात हनुवटीखालच्या डागावर नेला. मग म्हणाली, "आणि चार वर्सां तू गप रवलंस."

सावित्रीनं करंडा खाली ठेवला.

"माजा तोंड बरा झाला," सुगंधा म्हणाली. "तिचा काय? उद्या सकाळी तू जा आणि तिका हयसर घेवन ये. आणि जाताना एकेका घरात सांगत जा, काय झाला ता."

सावित्री गेली. प्रत्येक घराशी थांबली, प्रत्येक दारात सांगितलं. काही बायकांनी तिला बसायला सांगितलं, काहींनी आत जाऊन दार लोटलं. खालच्या वाडीला पोचायला तिला अर्धा दिवस लागला.

नर्मदाकाकी आली. ती येईपर्यंत मागच्या दारी दहा-बारा बायका जमल्या होत्या. मला वाटलं, आता ती सावित्रीला बोल लावील, मग पदर खोचून मला तीनदा धुवील, आणि जुने दिवस परत येतील. माझी फुशारकी अजून गेली नव्हती बघा.

ती पायरीवर बसली. सुगंधानं बाळ पुढं केलं आणि म्हणाली, "काकी, ह्येका तूच न्हाणय."

नर्मदाकाकीनं बाळ घेतलं नाही. तिनं पदराखालून हात बाहेर काढले. चार वर्षांच्या काजूच्या तेलानं तळवे काळे पडले होते. कातडी जागोजागी सोललेली, पुन्हा आलेली, पुन्हा भेगाळलेली. बोटं पुरती मिटत नव्हती.

"ह्या हातांनी लावलंय तर पोराची कातडी सोलतली," ती म्हणाली. "सावित्री, तू वाट. मी सांगतंय."

सावित्रीनं मला धुतलं. नर्मदाकाकी म्हणाली, "परत." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मग डाळ, तांदूळ, आंबेहळद. वाटून झाल्यावर तिनं ते सावित्रीच्या मनगटावर लावायला लावलं आणि उठली. "आज पोराक लावूचा नाय. उद्या बघूया. ह्या मी तेवा करूक व्हया होता." तेव्हा एक दिवस थांबायला हवं होतं, हा दोष ती स्वतःवर घेत होती.

दुसऱ्या दिवशी मनगट स्वच्छ होतं. ताजं उटणं वाटलं, सावित्रीनं बाळाला न्हाऊ घातलं आणि नर्मदाकाकी शेजारी बसून सांगत गेली, मान धर, पाठीवर हलकं, डोळ्यात जाईल बघ. बाळ झोपलं. वाटीत थोडं उटणं उरलं होतं. सावित्रीनं ते घेतलं, नर्मदाकाकीचा हात ओढून मांडीवर ठेवला आणि चोळू लागली. दूध घातलं, खोबरं घातलं, पुन्हा चोळलं. नर्मदाकाकीनं थोडा वेळ चोळू दिलं. मग हळूच हात काढून घेतला आणि म्हणाली, "सोड गो आता. ह्या जावचा नाय."

तिचं नाव परत आलं. बायका तिला पुन्हा बोलवायला लागल्या. ती जायची, दाराशी बसायची, काय किती घालायचं ते सांगायची. वाटायचं दुसरंच कुणी, बाळाला हात लावायचं दुसरंच कुणी. मी चार वर्षं वाट पाहिली होती की सावित्री कधीतरी बोलेल. ती बोलली, आणि तोवर ते हात संपले होते.

मित्रांनो, उटणं घरी जरूर करा. पाटा धुवून घ्या, त्यावर आधी काय वाटलं होतं ते विचारा, मनगटावर लावा आणि एक दिवस थांबा. हे सगळं सोपं आहे. पण तुमच्या हातून कधी चूक झाली आणि तिचा बोल दुसऱ्यावर गेला, तर तिथंच, त्याच दिवशी, चार माणसांसमोर सांगून टाका. माझ्यासारख्या दगडाला ते जमलं नाही, निदान तुम्ही तरी गप्प बसू नका.