मथुराबाईची परीक्षा

चंदनने कागद मथुराबाईच्या पुढ्यात धरला. इच्छापूरजवळच्या केळीवाल्यांचा पोरगा, पंचविशीचा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पांढराशुभ्र बुल टेरियर कुत्रा बसला होता. नाव बादशा.

“डॉक्टरसाहेब आले की याले सुई देऊन टाका, मावशी,” तो म्हणाला. “कायमची. मी सही करून आणली.”

डॉक्टर चांदनी गावाला लसीकरणाला गेले होते, एकपर्यंत यायचे होते. साडेअकरा वाजले होते. म्हणजे बादशाच्या हाती दीड तास उरला होता.

मथुराबाई जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चपराशीण. झाडायचं, पुसायचं, जनावर धरायचं, एवढंच काम. पण अख्खं बऱ्हाणपूर आधी तिलाच विचारायचं, मग डॉक्टरला. बुल टेरियरवाले तर फारच. पांढऱ्याचं नाक उन्हात का सोलवटतं, अंग सारखं का खाजतं, घरात लेकरं असली तर पाळावा का. ती सांगायची: दुपारी सावलीत ठेवा, खाज सुटली तर कणकेची पोळी बंद करून बघा, रोज दोन वेळा दमेपर्यंत पळवा, आणि लेकरांपाशी कोणतंच कुत्रं एकटं सोडू नका. हे सगळं ती वीस वर्षं नुसतं बघून शिकली होती. डॉक्टरसुद्धा तिचं बोलणं खोडत नसत. लोक म्हणायचे, बाई किती जीव लावून ऐकते, तोंडावरची नजर हलत नाही.

नजर हलवून चालणार कसं? सूत भरायला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पंधरा वर्षं काढली आणि त्या खडखडाटाने तिचे कान नेले. नवरा गेल्यावर त्याच्या जागी इथे लागली तेव्हाच एक कान गेलेला होता. दुसरा आता नावापुरता. ओठ बघून ती भागवायची. कुणाला कळलं तर घरी बसवतील, या धास्तीने तिने ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती.

तिने चंदनला बाकावर बसवून सगळं विचारून घेतलं. कुत्रा दीड वर्षाचा, इंदूरहून आणलेला. महाजिद्दी. कितीही हाका मारा, मान वळवत नाही. परवा चंदनची आई, सुमनताई, झाडत होत्या. हा वाटेत झोपलेला. ऊठ म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला, तर गर्रकन वळून मनगट फोडलं. सात टाके पडले. वडिलांनी सांगून टाकलं, या घरात एक तर तो राहील नाही तर मी.

“ही जातच खतरनाक आहे, मावशी. सब बोलते हैं.”

मथुराबाईने बादशाकडे पाहिलं. तो चंदनच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. ओठ हलले की कपाळ आक्रसायचं, थांबले की सैल पडायचं. ही नजर तिच्या रोजच्या ओळखीची होती.

ती उठली. ड्रेसिंगचा रिकामा ट्रे आणि कात्री घेतली, बादशाच्या पाठीमागे दहा पावलांवर जाऊन कात्री ट्रेवर खणकन वाजवली. खांबाला बांधलेली शेळी दोरी ताणून उडाली. चंदन दचकला. बादशा मात्र पायाजवळच्या मुंग्या बघत राहिला. तिने पुन्हा वाजवली, आणखी जोरात. कानाची पाळीसुद्धा हलली नाही.

मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली. लूमच्या आवाजात हाक पोचत नाही. तिथे सगळा कारभार हातांनी चालतो. धागा तुटला, बॉबिन संपली, इकडे ये, सगळं खुणेनेच. तिने तळवा वर करून बोटं दोनदा मिटली. इकडे ये. बादशाने क्षणभर पाहिलं आणि तिसऱ्यांदा बोटं मिटताच शेपूट हलवत तिच्याकडे आला.

“तो जिद्दी नाही रे भाऊ. त्याले ऐकूच येत नाही. झोपेत कोणी अचानक हात लावला तर तू काय करशीन?”

चंदन बादशाजवळ खाली बसला. म्हणाला, “मी त्याले काठीनं मारलं, मावशी. ऐकत नाही म्हणून. सहा महिने.” आणि भर दवाखान्यात तो तोंड झाकून रडला.

तिने त्याला रडू दिलं, मग कामाला लावलं. निजला असला तर आधी जमिनीवर पाय आपट, त्याला हादरा कळतो. नाकापुढे हात धर, वासाने उठेल. मोकळा सोडायचा नाही, मागून मोटार आली तर कळायची नाही. एक वाजेपर्यंत बादशा दोन खुणा शिकला. चंदनला चार आल्या.

डॉक्टरांनी तपासलं. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये जन्मजात बहिरेपण पुष्कळदा असतं, म्हणाले, आणि सहीचा कागद फाडून टाकला. वडिलांना समजवायला फोनही त्यांनीच केला.

मथुराबाई टेबल पुसत होती. बादशाला गाडीत बांधून चंदन आत आला आणि दारातूनच म्हणाला, इंदूरवाल्यालाही नाही समजलं, तुम्हाला कसं समजलं? तिने वळून पाहिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिचा हात फडक्यावर तसाच फिरत होता.

चंदनला मघाचा ट्रेचा खणखणाट आठवला. आवाज त्याने चढवला नाही. टेबलाला वळसा घालून तो तिच्या समोर, खिडकीच्या उजेडात येऊन उभा राहिला आणि तिने मान वर करेपर्यंत थांबला.

“मावशी,” तो सावकाश म्हणाला, “जेवल्या का?”

वीस वर्षांत तिच्याशी बोलायला असं कुणी समोर येऊन थांबलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“नाही रे अजून,” ती म्हणाली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.