चांगला निघालेला सेन्सर

मिस्त्रीची एक खोड होती. गाडीतून काढलेला खराब भाग मीटरवर तपासल्याशिवाय तो भंगारात टाकत नसे. "मेलेल्याची नाडी बघतोय," म्हणून गिऱ्हाइकं त्याची टिंगल करत.

सकाळी धाकटी बहीण गाडी घेऊन आली होती. स्टिअरिंगसमोरचा इंजिनाच्या बिघाडाचा दिवा पेटलेला. बिघाड शोधायचं मशीन लावलं तर त्याचं धुराच्या नळीतल्या सेन्सरकडे बोट. अशा वेळी आधी नळी कुठे फुटलीय का ते पाहायचं, हे त्यानेच दहा जणांना शिकवलं होतं. पण बहिणीला दोन तासांवरच्या सासरी पोचायचं होतं, मागच्या सीटवर सहा महिन्यांची भाची किरकिरत होती. "दादा, आवर ना रे!" त्याने नवा सेन्सर बसवला, दिवा घालवला, आणि बाळाला सर्दी आहे म्हणून चारही काचा स्वतः वर केल्या.

तासाभराने त्याने जुना सेन्सर पकडीत धरला आणि टोकाला गॅसची ज्योत लावली. खराब असता तर मीटरचा काटा ढिम्म राहिला असता. काटा टुणकन उडाला. ज्योत काढली, खाली आला. पुन्हा लावली, पुन्हा उडाला.

सेन्सर ठणठणीत होता. नळीत बाहेरची हवा शिरतेय, हेच तो बिचारा सांगत होता. म्हणजे नळीला चीर होती, आणि तिथून निघणारा विषारी वायू गाडीत शिरत असणार. त्याला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा घाईत भलताच नंबर लागला. चौथ्यांदा तिने उचलला.

"काय रे दादा..." आवाज जडावलेला. "डोकं नुसतं ठणकतंय."

"गाडी बाजूला घे! काचा खाली कर, इंजिन बंद कर. पोर कशी आहे?"

"झोपलीय. मघापासून हूं नाही की चूं नाही."

"तिला घेऊन बाहेर हो. उठव तिला."

"अरे, आत्ता कुठे..."

"उठव म्हणतो ना!"

दार उघडल्याचा आवाज आला. मग बहीण हाका मारू लागली, आधी लाडाने, मग मोठ्याने, मग किंचाळून. मिस्त्रीने फोन कानाशी घट्ट धरला. देवाचं नावसुद्धा त्याला आठवेना.

मग एक बारीक खोकला आला, आणि पोरीने भोकाड पसरलं.

"उगी, उगी," बहीण रडत म्हणू लागली.

"गप्प करू नकोस तिला," मिस्त्री म्हणाला. "मी येईपर्यंत रडू दे."