बहुउद्देशीय खोली

क्लायंटच्या हातात माऊस द्यायचा नाही, हा माझ्या दिराचा धंद्यातला एकमेव सिद्धांत. आम्ही दोघं लोकांची घरं आतून सजवून देतो. डिझाईन माझं, कॉम्प्युटर त्याचा, आणि उरलेल्या वेळात तो माझं डोकं खातो. त्या महिन्यात खायला विषय होता सॉफ्टवेअर. जुन्याचा परवाना संपत आला होता. त्याला हवं होतं स्थिर चित्रं देणारं. एक कोपरा निवडायचा, उजेड लावायचा, की कॉम्प्युटर आठ तास तो कोपरा शिजवत बसणार. चित्र मात्र असं, की सोफ्यावर हात फिरवावासा वाटेल. मला हवं होतं दुसरं, ज्यात क्लायंट स्वतः घरभर फिरतो, दारं उघडतो. पडदे जरा प्लास्टिकचे दिसतात, मान्य. पण एक भिंत बदलायला दुसरा दिवस उजाडावा लागत नाही.

"वहिनी, चित्रात आपण दाखवू तेवढंच दिसतं," दीर म्हणायचा. आळशी माणसाला तेच सोयीचं, असं मी त्याला ऐकवायचे. शेवटी ठरलं, की माझं सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट मिळतंय तर पुढच्या क्लायंटवर ते वापरून बघू.

पुढचा क्लायंट जिमवाला. हे नाव आम्हीच ठेवलेलं. फ्लॅटमध्ये तो, बायको आणि आई, आणि आईच्या खोलीत त्याला जिम हवी होती. मग आई कुठे, असं विचारलं तर म्हणाला, माझ्या मावशीकडे राहील. तिला अजून सांगितलेलं नाही, सावकाश सांगेन, तोवर नकाशावर नुसतं 'बहुउद्देशीय खोली' लिहा. मला खटकलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच खटकलं. पण मी कपाटं काढते, लोकांच्या घरातली भांडणं सोडवत नाही, असं स्वतःला बजावून मी मूग गिळले आणि बहुउद्देशीय लिहिलं. फ्लॅट त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या नावावर, त्यामुळे नकाशावर सही त्यांची. ती त्यांनी चष्मा न लावताच केली. मुलावर विश्वास, दुसरं काय.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घर दाखवायच्या दिवशी त्याची बायको येऊ शकली नाही, तर स्वयंपाकघर बघायचं म्हणून काकू आल्या. जिमवाल्याने मागून मला डोळ्यांनी दटावलं. मी ठरवलं, हॉल आणि स्वयंपाकघर दाखवायचं आणि गाशा गुंडाळायचा. माऊस मी घट्ट धरला होता. ओट्यापर्यंत पोचले, तोच काकू म्हणाल्या, अगं किती हळू चालतेस, दे इकडे. तीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलेली बाई, निवृत्तीनंतर दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळते. मी काही म्हणायच्या आत माऊस त्यांच्या हातात होता. दिराने कपाळाला हात लावला.

काकू निघाल्या. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून बोळ. नळ बरे आहेत म्हणाल्या, पडद्यांना नाक मुरडलं. जिमवाला म्हणाला, पुढचं अजून झालं नाहीये, आई. कसलं काय. काकूंनी डावीकडचं दार उघडलं.

आत ट्रेडमिल. समोर भिंतभर आरसा. कोपऱ्यात वजनं, रंगाप्रमाणे ओळीने लावलेली. ती ओळ लावायला मी अख्खी दुपार घालवली होती, कारण मला हौस फार.

काकू खोलीत गोल फिरल्या. परत एकदा फिरल्या. पलंग शोधत होत्या.

जिमवाल्याची त त प प सुरू झाली. हे नुसतं नमुन्यादाखल आहे, म्हणाला. मग म्हणाला, तुला मावशीकडे किती करमेल, दोघी बहिणी गप्पा मारत बसाल. काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकूंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मुलाला म्हणाल्या, मावशीला फोन लाव आणि आवाज मोठा ठेव. मी येत नाहीये, हे तिला तूच सांग. तो आत्ता कशाला, आत्ता कशाला करत राहिला. शेवटी काकूंनी स्वतःच्या पर्समधून फोन काढून लावला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मावशी," तो घसा खाकरून म्हणाला, "आई तुझ्याकडे राहायला येत नाहीये."

पलीकडे कुठलासा नळ चालू होता, तो बंद झाला.

"माझ्याकडे? मला कुठे कोण बोललंय?" मावशी म्हणाली. "आमच्याकडे कुठे जागा आहे रे?"

काकूंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. दोन प्रयत्नांनंतर चेन लागली. मुलगा टेबलाकडे बघत बसला होता. मी माऊस माझ्याकडे ओढला. आधी ट्रेडमिल काढली, मग आरसा, मग वजनं, एकेक करून. खोली रिकामी झाली तेव्हा काकूंना विचारलं, पलंग कुठल्या भिंतीला लावू.