ताईच्या मूत्रपिंडातला खडा

मी एक जुना मूतखडा आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका! माझा जन्म चांगल्या ठिकाणी झाला नाही, हे मला ठाऊक आहे. आता मी प्रयोगशाळेतल्या एका काचेच्या बाटलीत पडून आहे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बघण्यासारखं माझ्यात आहे तरी काय?

मी जन्मलो एका इस्त्रीवालीच्या डाव्या मूत्रपिंडात. तिला सगळे ताई म्हणायचे. एका मोठ्या लाँड्रीत ती दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असायची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, ढीग काही संपायचाच नाही. घामाने पाठ निथळायची आणि पाणी मात्र जेवणापुरतं. संडास पार मागच्या आवारात, सारखं कोण उठून जाणार? अंगातलं पाणी घामावाटे गेलं, मग लघवीला उरणार काय? ती थोडी आणि दाट व्हायची.

लघवीत कॅल्शियम असतं, ऑक्झलेट असतं. पाणी भरपूर असलं की दोघं आपापल्या वाटेने निघून जातात. सायट्रेट नावाचा एक भला गृहस्थही तिथे असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, ऑक्झलेटच्या नादी लागू देत नाही. ताईकडे पाणीही कमी आणि हा गृहस्थही अशक्त. कॅल्शियम आणि ऑक्झलेटची गाठ पडली आणि मी झालो.

मी आहे हे ताईला कळलंही नसतं. पण तिच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता डायलिसिसच्या यंत्रावर जगत होता, आणि यंत्रालाही त्याचं शरीर साथ देईनासं झालं होतं.

ताई म्हणाली, "माझं घ्या की एक! दोन-दोन करायचीत काय मला?"

तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. ताईला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि शेवटच्या तपासणीत मी दिसलो.

"खडा एकच आहे, बारीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्याने अडणार नाही. पण तो वाढता कामा नये. पाणी भरपूर प्या, मीठ कमी करा. काही महिन्यांनी परत बघू."

भाऊ तेव्हा ताईकडेच राहायला आला होता. प्यालेलं पाणी त्याच्या अंगातच साठायचं, म्हणून त्याला मोजकंच मिळायचं. बर्फाचा खडा चघळत तो दुपार काढायचा आणि वर थट्टाही करायचा. "ताई, नळ बंद कर गं, नुसत्या आवाजानेच माझं आजचं पाणी संपतंय!" ताई हसायची. मग आत जाऊन स्वतःसाठी भरलेला पेला मोरीत ओतून द्यायची. त्याला घोट मिळत नाही आणि आपण घटाघटा प्यायचं? लाँड्रीत पेला तोंडाला लावला, तरी त्याचे सुकलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे यायचे.

त्यात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सल्ला दिला. "अगं, कॅल्शियमचा खडा ना? मग दूध-दही तोडून टाक बघू आधी." ताईने ते मात्र लगेच ऐकलं. जेवणातलं दही आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि परस्पर बाहेर काढतं, हे त्या बिचारीला कोण सांगणार? मोकळं सुटलेलं ऑक्झलेट लघवीत उतरलं. मित्रांनो, मला वाढायचं नव्हतं हो! पण खड्याच्या हातात काय असतं? जे येऊन चिकटतं, ते चिकटतं. मी फुगत गेलो, आणि उजव्या बाजूलाही माझ्यासारखाच एक उपटला.

पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "लघवी इतकी दाट कशी? पाणी पीत होतात ना?"

ताईने खरं काय ते सांगून टाकलं.

"आता तुमचं मूत्रपिंड घेता येणार नाही. तुमचीच धोक्यात आहेत."

"अहो, मला काही होत नाही. दुखतसुद्धा नाही. घ्या ना!" ताईने त्यांचा हात धरून ठेवला, सोडेचना.

भावाला खरं कारण कळलं, तेव्हा तो चिडला. "वेडी आहेस का गं तू? माझ्यासमोर बादलीभर प्यायली असतीस, तरी मला बरंच वाटलं असतं." दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड काही मिळालं नाही. पुढे त्याला ब्रशही धरवेना. आणि एका सकाळी तो गेला.

त्यानंतर मी जागेवरून सरकलो. ताईला मरणाची कळ आली, पण ती ओरडली नाही. "येऊ दे," एवढंच म्हणाली. मला दुर्बिणीने काढल्यावर एक परिचारिका पाण्याचा पेला घेऊन तिच्या उशाशी बसली. "प्या हो ताई, आता तरी प्या."

ताईने पेल्याकडे बघितलं. "आता कुणासाठी?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी दगड आहे, मला रडता येत नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरी कुणी तहानलेलं असेल, तर त्याच्या मायेपायी आपला पेला ओतून देऊ नका. त्याच्यासमोर बसा आणि प्या. त्याला तुमची गरज आहे.